शालेय वयातील वाढलेला रक्तदाब आणि खेळाचा तास : वैद्याचे कर्तव्य

जून महिन्यात शाळा उघडल्या, की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी चिकित्सा करणाऱ्या वैद्यांकडे दाखल्यांची मागणी सुरू होते. "पाल्यास खेळाच्या तासातून सूट मिळावी" या मजकुराचा दाखला हा त्यांतील नेहमीचा. पूर्वी त्यामागे दमा, मोडलेले हाड किंवा वारंवार येणारा ताप अशी कारणे असत. अलीकडे एक नवे कारण ऐकू येऊ लागले आहे, ते म्हणजे मुलाचे 'बीपी'.

अशीच एक माता अकरा वर्षांच्या मुलास घेऊन आली. मुलगा अंगाने स्थूल, वयाच्या मानाने उंच. शाळेतून सायकल दामटीत घरी येताना आईबरोबर औषधांच्या दुकानात थांबला असता दुकानातील विद्युत्‌यंत्रावर गंमत म्हणून त्याचा रक्तदाब मोजण्यात आला. तो उभ्या-उभ्या, शर्टाच्या बाहीवरून मोजलेला आकडा १३८ निघाला. विक्रेत्याने चांगल्या हेतूनेच सर्पगंधायुक्त गोळ्यांची बाटली दिली आणि "त्याला पळू देऊ नका" असा सल्लाही दिला. बाई दाखल्यासाठी माझ्याकडे आल्या. दाखला लिहिणे हे दोन मिनिटांचे काम होते. मी तो दिला नाही. का दिला नाही, त्याऐवजी काय केले, आणि कोणत्या मुलास असा दाखला खरोखर द्यावा लागतो, हे वैद्यमित्रांपुढे व औषधालयचालकांपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रक्तदाब हा मोजण्याचा विषय आहे आणि तो मोजण्याचे साधन आपल्या संहिताकारांपुढे नव्हते. बाहूस पट्टी बांधून दाब मोजण्याची रीत रिव्हा-रोची यांनी १८९६ साली दिली आणि कोरोत्कोव्ह यांनी १९०५ साली तीत ध्वनिश्रवणाची जोड दिली. या व्याधीला व्यानबलवैषम्य म्हणावे, रक्तगत वात म्हणावे की धमनीप्रतिचयाशी त्याचा संबंध जोडावा, यावर आपल्या परिषदांतून पुष्कळ चर्चा झाली आहे व पुढेही होईल. तथापि नाव कोणतेही दिले, तरी आकडा चुकीचा घेतला तर निदान चुकते आणि निदान चुकले तर चिकित्सा चुकते. म्हणून व्यायामाकडे वळण्यापूर्वी मापनाविषयी थोडे विस्ताराने लिहितो. हा विस्तार मी माझ्या एका चुकीतून शिकलो आहे.

काही वर्षांपूर्वी आठ वर्षांची एक कृश मुलगी शिरःशूलाची तक्रार घेऊन येत असे. लक्षणे पाहता मी पित्तज शिरःशूल असे निदान केले. सूतशेखर, मोरावळा, पथ्य, चष्म्याची तपासणी हे सर्व चार महिने चालले. थोडे बरे वाटे, पुन्हा दुखे. एकदा सकाळी वांतीही झाली, तेव्हा मी रक्तदाब मोजला. तो ११६/७६ निघाला आणि माझ्या मनाचे समाधान झाले. पुढील आठवड्यात बालरोगतज्ज्ञांनी लहान पट्टीने मोजला, तो १३२/८८ भरला. पुढील तपासण्यांत एका वृक्कावर जुने व्रण आढळले. लहानपणी तिला वारंवार ताप येत असे, असे आईने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. ते ताप मूत्रमार्गाच्या संसर्गाचे असावेत, हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

येथे मी दोन चुका केल्या होत्या. पहिली, मोठ्या माणसाची पट्टी लहान बाहूवर बांधली. दुसरी अधिक लाजिरवाणी, ती ही की तो आकडा मी मोठ्या माणसाच्या मापाने वाचला. ११६/७६ हा चाळिशीच्या गृहस्थास उत्तम. आठ वर्षांच्या मुलीस मात्र तो त्याच दिवशी शंका घेण्याजोगा होता.

मापनाविषयी

पट्टीस आपण बोलीभाषेत 'कफ' म्हणतो. आपल्या क्षेत्रात त्या शब्दाला अगोदरच पुरेसे काम आहे, म्हणून मी पट्टी हाच शब्द वापरतो. पट्टीतील फुगणाऱ्या पिशवीची रुंदी बाहूच्या मध्यावरील घेराच्या निदान ४० टक्के असावी आणि लांबी त्या घेराच्या ८० ते १०० टक्के असावी. त्या मुलीच्या बाहूचा घेर १७ सेंटिमीटर होता, म्हणजे सुमारे ७ सेंटिमीटर रुंदीची पिशवी हवी होती. माझ्याकडील पिशवी जवळजवळ दुप्पट रुंद होती. पट्टी गरजेपेक्षा मोठी असेल तर आकडा खोटा कमी येतो, लहान असेल तर खोटा अधिक येतो. याच्या उलट, प्रारंभी सांगितलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या बाहूचा घेर ३० सेंटिमीटर होता. वय लहान म्हणून त्यास लहान मुलांची पट्टी बांधली असती, तर ती चूकच ठरली असती. पट्टी वयावरून निवडायची नसून बाहूवरून निवडायची असते. शिवणकामाची टेप मेजावर ठेवावी, ती पाच-दहा रुपयांत मिळते.

मुलास पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, पाच मिनिटे शांत बसवावे. उजवा बाहू उघडा करून हृदयाच्या पातळीवर आधार देऊन ठेवावा. उजवाच का, तर महाधमनीच्या जन्मजात संकोचात डाव्या हाताचा आकडा कधी कधी कमी येतो. विद्युत्‌यंत्राने आकडा अधिक दाखविल्यास श्रवणनलिका लावून हाताने पुन्हा मोजावा आणि एकाच दिवसाच्या आकड्यावर कधीही निदान करू नये. निरनिराळ्या दिवशी तीन वेळा आकडा वर राहिला, तरच रक्तदाब वाढला आहे असे म्हणावे. शक्य असेल तेथे चोवीस तासांचे मापन करून घेणे उत्तम. पुष्कळ मुलांचा दाब केवळ वैद्याच्या दर्शनाने वाढतो.

आकडा कसा वाचावा? अमेरिकन बालरोग अकादमीने २०१७ साली नवे मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात तेरा वर्षांखालील मुलांसाठी वय, लिंग व उंची यांनुसार तक्ते आहेत. ९०व्या पर्सेंटाइलपासून ९५व्यापर्यंत 'वाढलेला', ९५व्यावर 'पहिली अवस्था' आणि ९५व्याहून १२ मि.मी. अधिक किंवा १४०/९० यांपैकी जे कमी असेल त्यावर 'दुसरी अवस्था' असे वर्गीकरण आहे. तेरा वर्षे पूर्ण झाल्यावर हिशेब सोपा होतो : १२० पासून वाढलेला, १३०/८० पासून पहिली अवस्था, १४०/९० पासून दुसरी. गर्दीच्या चिकित्सालयात संपूर्ण तक्ता उघडणे नेहमीच होत नाही, म्हणून त्याच मार्गदर्शनात चाळणीसाठी एक लहान कोष्टक दिले आहे. मुलग्यांत सहाव्या वर्षी १०५/६६, आठव्या वर्षी १०७/६९, दहाव्या वर्षी १०८/७२, बाराव्या वर्षी ११३/७५. मुलींत फरक एखाद्या अंकाचाच. या मर्यादेला पोहोचलेले किंवा ओलांडणारे मूल रुग्णच असते असे नाही, परंतु त्याच्यासाठी मोठा तक्ता उघडावा, एवढे निश्चित. हे चार आकडे मी यंत्राच्या पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवून ठेवले आहेत. त्याच मार्गदर्शनानुसार तीन वर्षांवरील प्रत्येक मुलाचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजावयास हवा. आपल्यापैकी किती जण तो मोजतात, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मैदानावर पाठविण्यापूर्वी

वाढलेल्या रक्तदाबाची शालेय मुले स्थूलमानाने दोन प्रकारची दिसतात. पहिला प्रकार सहा वर्षांवरील, स्थूल, घरात माता-पित्यांस किंवा आजी-आजोबांस रक्तदाब असलेला. यांच्यात आकडा साधारणतः थोडाच वर असतो व मूल तक्रारही करीत नाही. दुसरा प्रकार लहान वयाचा, कृश किंवा वाढ खुंटलेला, आकडा पुष्कळ वर असलेला. या दुसऱ्या प्रकारात वृक्काचे विकार, वृक्कधमनीचा संकोच, महाधमनीचा संकोच अशी कारणे शोधावी लागतात. त्या शोधापूर्वी व्यायामाची, पथ्याची किंवा शमन औषधाची भाषा करणे म्हणजे काळ घालविणे होय. अशा मुलास त्याच दिवशी चिठ्ठी देऊन बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

येथे आपल्या परंपरेतील एक कौशल्य उपयोगी पडते. आपण नाडी पाहतो, पण ती मनगटाची. प्रत्येक अशा मुलाच्या वंक्षणातील नाडीही पाहावी आणि दोन्ही नाड्या एकाच वेळी हाताखाली ठेवाव्यात. वंक्षणातील नाडी क्षीण असेल किंवा मागून येत असेल, तर महाधमनीचा संकोच मनात आणावा आणि पायाचा रक्तदाबही मोजावा. यास यंत्र लागत नाही, एक मिनिट लागते. लघवीस फेस येतो का, सकाळी पापण्या सुजतात का, पूर्वी कारण न सापडलेले ताप आले होते का, हे तीन प्रश्नही विसरू नयेत. मी ते विसरलो होतो.

आता औषधांकडे. मूल कोणते औषध घेत आहे, हे विचारणे औषधालयचालकांच्या हाती आमच्याइतकेच आहे, किंबहुना थोडे अधिक. ज्येष्ठमधात ग्लिसिऱ्हायझिन असते. ते वृक्कातील एका विकराचे कार्य रोखते. त्यामुळे शरीरातील कॉर्टिसॉल हे अल्डोस्टेरोनप्रमाणे वागू लागते, मीठ व पाणी साठते, पोटॅशियम कमी होते आणि रक्तदाब वाढतो. कासासाठी चार दिवस दिलेल्या ज्येष्ठमधाने घाबरण्याचे कारण नाही. परंतु महिनोन्‌महिने कफघ्न सिरप, वर चघळण्याच्या वड्या, शिवाय स्वरासाठी ज्येष्ठमधाची कांडी असे तिन्ही मार्गांनी पोटात जात असेल, तर ते प्रथम थांबवावे आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजावे. सोमलतेचे श्वासावरील कल्प, नाक मोकळे करणारी आधुनिक औषधे आणि ज्यांवर घटकांची यादी नाही अशा दम्याच्या पुड्या यांचीही चौकशी करावी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, हे सांगण्याची गरज नाही. लवणभास्करासारखी चूर्णे मुले चाटण म्हणून खातात, तीही मोजावीत. पिप्पली, क्षार व लवण यांचा अतिवापर करू नये असे चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात बजावले आहे. लवणासाठी तरी ते आज घरोघर वाचून दाखवावे असे आहे. कारण पापड, फरसाण, वेफर्स आणि पाकिटातील नूडल्स यांत दिवसाचे मीठ दुपारच्या आतच पुरे होते.

सर्पगंधेविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. या वनस्पतीचा रक्तदाबावरील उपयोग १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी प्रसिद्ध केला आणि १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या ब्रिटिश हार्ट जर्नलमधील लेखाने तो जगापुढे गेला. १९५२ साली त्यातून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. आपल्या वनौषधींच्या इतिहासातील हे अभिमानाचे पान आहे, आणि त्याच अभिमानापोटी 'बीपी म्हणजे सर्पगंधा' असे समीकरण दुकानातून रूढ झाले आहे. सर्पगंधेने नाक चोंदते, नाडी मंद होते, तंद्रा येते, मन खिन्न होते व दुःस्वप्ने पडतात. प्रौढांतही मात्रेचा विचार करून द्यावयाचे हे द्रव्य वर्गात बसून शिकावयाच्या मुलास, एका खोट्या आकड्यावरून, दुकानाच्या फळीवरून देणे योग्य नाही. त्या अकरा वर्षांच्या मुलाची बाटली मी बंद करविली. तो आठ दिवस वर्गात पेंगत असल्याचे शिक्षकांनी सांगितले होते.

ओडेन्सची मुले

पुढील पंधरवड्यात तीन वेळा शांतपणे मोजल्यावर त्या मुलाचा रक्तदाब १२६/७८ च्या आसपास स्थिर राहिला. दुकानातील १३८ खोटा होता, पण निर्धास्त व्हावे असेही नव्हते. ही पहिली अवस्था होती. वडिलांस रक्तदाब, वंक्षणातील नाडी उत्तम, मूत्रपरीक्षा स्वच्छ. बालरोगतज्ज्ञांनी पाहिले व त्यांनीही औषध नको असे सांगितले. मग करावयाचे काय?

डेन्मार्कमधील ओडेन्स या नगरातील शाळकरी मुलांवर झालेला एक प्रयोग १९९१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. तो प्रत्येक वैद्याने ध्यानात ठेवावा, असे मला वाटते. नऊ ते अकरा वर्षांची १३७ मुले त्यात होती. साधारण निम्म्यांचा रक्तदाब वरच्या पातळीचा, उरलेल्यांचा प्राकृत. दोन्ही गटांतील काही मुलांना शाळेच्या नेहमीच्या व्यायामाखेरीज आठवड्यास तीन जादा तास, प्रत्येकी ५० मिनिटांचे, देण्यात आले. हा क्रम आठ महिने चालला. तीन महिन्यांनी मोजले तेव्हा रक्तदाबात काहीही घट नव्हती. आठ महिन्यांनी मोजले तेव्हा, व्यायाम न केलेल्या मुलांशी तुलना करता, वरच्या रक्तदाबाच्या मुलांत वरचा आकडा सुमारे ५ ने आणि खालचा सुमारे ४ ने उतरला होता. प्राकृत मुलांत तर ही घट ६.५ व ४ अशी होती.

पाच मि.मी. म्हणजे फार नव्हे, असे कोणी म्हणेल. एकट्या मुलासाठी ते खरेही आहे. परंतु ९५व्या पर्सेंटाइलच्या जरा वर असलेल्या मुलास खाली आणण्यास पाच अंक पुष्कळदा पुरतात आणि त्यासाठी त्यास रोज गोळी गिळावी लागत नाही. मला मात्र त्या प्रयोगातील पहिले तीन महिनेच अधिक महत्त्वाचे वाटतात. आपल्याकडे पालक महिन्याभरात विचारतात, "वैद्यराज, फरक दिसत नाही, आता औषध द्या." आणि आपण देतो. तीन महिन्यांच्या आत व्यायाम निष्फळ ठरविणारा वैद्य ओडेन्समध्येही तसाच फसला असता.

घट कशाने होते? पळताना वरचा दाब वाढतोच, त्यास घाबरू नये. रक्ताचा वेग वाढला की धमन्यांच्या आतील अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड अधिक स्रवते व धमन्या सैल होतात. नित्य व्यायामाने ही क्षमता वाढते, अनुकंपी नाड्यांचा ताण उतरतो आणि इन्सुलिनला शरीर अधिक चांगला प्रतिसाद देते. इन्सुलिनची रक्तातील पातळी उतरल्यावर वृक्क मीठ कमी धरून ठेवतो. वजन कमी झालेच पाहिजे असेही नाही. वाढत्या वयाच्या मुलाचे वजन तेवढेच राहून उंची वाढली, तरी काम होते. उलट दिशेचा पुरावाही आहे. अमेरिकेतील बोगालुसा येथील दीर्घकालीन अभ्यासात, अपघातादी कारणांनी मृत्यू पावलेल्या मुलांच्या व तरुणांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. हयातीत ज्यांचे वजन, रक्तदाब व रक्तातील मेद अधिक होते, त्यांच्या धमन्यांत मेदाचे थर अधिक आढळले. धमनीप्रतिचय हा शब्द उच्चारताना मला ते चित्र आठवते.

वाग्भटांचा निषेध

येथे एक शंका आपल्यातीलच विद्वान उपस्थित करतात आणि ती योग्य आहे. अष्टांगहृदयाच्या दिनचर्याध्यायात वातपित्ताचे रोगी, वृद्ध व अजीर्णी यांच्याबरोबर बालकासही व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. सुश्रुतांच्या मते सोळा वर्षांपर्यंत बाल्यावस्था. मग शाळकरी मुलास व्यायाम सांगणे शास्त्रविरुद्ध नव्हे काय?

माझ्या मते नव्हे. चरकांनी विमानस्थानात सोळा वर्षांपर्यंतच्या बालकाचे वर्णन करताना त्याचे धातू अपरिपक्व असतात, त्यास क्लेश सोसत नाहीत, असे म्हटले आहे. त्याच ठिकाणी ते श्लेष्मप्रधान असते असेही म्हटले आहे. पहिल्या विधानातून निषेध येतो, दुसऱ्यातून गरज येते. निषेध आहे तो प्रौढाच्या बळाला जोखून सांगितलेल्या परिश्रमाचा. खेळाचा निषेध कोठेही नाही. उलट शारीरस्थानात कुमारासाठी नाना प्रकारची खेळणी ठेवावीत असे सांगितले आहे. श्लेष्मप्रधान वयात अव्यायाम, दिवास्वाप व मधुर-स्निग्धाचे अतिसेवन एकत्र आले की काय होते, हे चरकांच्या अष्टौनिंदितीय अध्यायातील स्थौल्याच्या हेतूंत स्पष्ट आहे. हेतूंच्या त्या यादीत आज दूरचित्रवाणी, मोबाइल व शिकवणीचे वर्ग एवढेच वाढवावयाचे आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा मुलांना पडद्यापुढे बसविण्याची सवय आपणच लावली. शाळा उघडल्या, सवय मात्र राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१६ साली ११ ते १७ वयोगटातील जगातील ८१ टक्के मुले पुरेशी हालचाल करीत नव्हती. त्या संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सांगितली आहे.

प्रश्न मात्रेचा उरतो आणि येथे आपले शास्त्र अत्यंत व्यवहार्य आहे. अर्धशक्ती हे ते माप. कपाळावर, नाकावर, काखेत व सांध्यांवर घाम आला, तोंडाने श्वास घ्यावा लागला, मुखास कोरड पडू लागली, की थांबावे. हे मुलास पाच मिनिटांत शिकविता येते. मी त्यास एवढेच सांगतो, "बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतके पळ." आधुनिक शास्त्र ज्यास मध्यम तीव्रता म्हणते, ते याहून फारसे वेगळे नाही. शीतकाळात व वसंतात ही मात्रा पूर्ण द्यावी, इतर ऋतूंत कमी करावी. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलमध्ये दुपारच्या उन्हात कवायत घेणाऱ्या शाळांना हे कोणी तरी सांगितले पाहिजे. कोकणात जुलैत मैदान नसते, तेथे घराच्या पडवीत दोरीवरच्या उड्या चालतात. भोजनानंतर लगेच नको. खेळून आल्यावर अंग चोळावे, स्थूल मुलास कोरडे उद्वर्तन आठवड्यातून दोनदा द्यावे. ते मुलांना आवडते आणि आईचे हातही त्यात गुंततात, हा वेगळा लाभ.

कोणता खेळ

शाळेतील खेळाच्या तासात मी एक गोष्ट पाहिली. खो-खो व कबड्डी हे आपले उत्तम खेळ, परंतु त्यांत स्थूल मुलगा प्रथम बाद होतो आणि उरलेला वेळ कडेला बसतो. खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघातील नवांपैकी आठ जण एका वेळी बसलेलेच असतात. म्हणजे ज्याला हालचाल सर्वांत अधिक हवी, त्यालाच ती सर्वांत कमी मिळते आणि वर हसे होते ते निराळेच. अशा मुलास जो खेळ बाद करीत नाही तो द्यावा : सायकल, पोहणे, दोरी, शाळेत पायी जाणे, बाद झालेला पुन्हा आत येतो अशा रीतीने खेळलेली लंगडी. सूर्यनमस्कार आपल्या प्रांताला परके नाहीत. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते शाळाशाळांतून नेले. श्वास न कोंडता, मध्यम गतीने घातलेले नमस्कार मी देतो. श्वास रोखून, शर्यतीसाठी शंभर घातलेले देत नाही. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. तालमीतील भारी वजने, कुस्ती व दीर्घ पकडीचा मल्लखांब यांविषयी हाच विचार करावा. पहिल्या अवस्थेतील मुलास ते बंद करण्याचे कारण नाही, पण त्यांवर भर नसावा.

त्या मुलाच्या बाबतीत मी शाळेच्या शारीरिक शिक्षकांस भेटलो. दाखल्याऐवजी त्यांच्या नावे चिठ्ठी दिली. आठवड्यास पाच दिवस, रोज ४० मिनिटे, बाद होणारा खेळ नको, शेवटच्या रांगेत बसवू नये. शाळेत खेळाचा तास गणिताला दिला जात असे, ते त्यांनी स्वतःच खेदाने सांगितले. म्हणून दोन दिवस शाळेत आणि तीन दिवस वडिलांबरोबर पहाटे चालणे-पळणे ठरले. वडिलांचा रक्तदाबही त्यामुळे नोंदवहीत आला. तिसऱ्या महिन्यात मुलाचा आकडा १२४ होता. आई निराश झाल्या, मी ओडेन्सची गोष्ट सांगितली. नवव्या महिन्यात ११६/७२. त्याच्या उंचीला तो ९०व्या पर्सेंटाइलच्या जरा खाली आहे. वजन एक किलोने वाढले, उंची पाच सेंटिमीटरने. परीक्षेच्या महिन्यात खेळ बंद पडला तेव्हा आकडा पुन्हा वर सरकला होता, तेही येथे नोंदविले पाहिजे. अजून दर तीन महिन्यांनी मोजतो.

सूट कोणाला द्यावी, याविषयी माझा परिपाठ असा. दुसऱ्या अवस्थेतील मुलास, कारणाचा शोध लागून आकडा ताब्यात येईपर्यंत, वजन उचलणे, कुस्ती, मुष्टियुद्ध व श्वास कोंडणारे सर्व प्रकार बंद. अशा मुलास डोकेदुखी, वांती, दृष्टीत अंधुकपणा यांपैकी काहीही असेल तर दाखल्याचा विचारही न करता त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. पळताना छातीत दुखणारे किंवा भोवळ येऊन पडणारे मूल, रक्तदाब कितीही असो, हृदयाची तपासणी होईपर्यंत मैदानावर पाठवू नये. या तिन्ही प्रसंगी दाखल्यावर मुदत लिहावी, 'पुढील आदेशापर्यंत' असे लिहू नये. वर्षभरापूर्वीचा कागद दाखवून बाकावर बसलेली मुले मी पाहिली आहेत. मुदत चार आठवड्यांची, खाली पुढील मापनाची तारीख आणि पट्टीचे माप. त्या आठ वर्षांच्या मुलीचा पहिला दाखला मीच लिहिला होता. त्यावर आता तिच्या तज्ज्ञांच्या संमतीने 'चालणे व सायकल चालेल' अशी दुरुस्ती केलेली आहे.